ठकूचं चाक

थांबा! त्या बटणाला हात लावायचा नाही. तू गं, पिवळा फ्रॉक, तुलाच सांगतोय. ग्राइंडर आहे तो, पंखा नाही. सकाळपासून चाक फिरलेलं नाही, आणि शिवणोलीत चाक फिरवायच्या आधी काय करतात ते तुम्हाला ठाऊक नाही. पाळणा न्यायला आलात ना? मिळेल. पण पाळण्याचे दोन खांब कातायचे राहिलेत, कातायला पटाशीला धार हवी, आणि धारेच्या आधी ठकू. तेव्हा बसा. भुशावर बसलात तरी चालेल, कपडे झाडता येतात.

ही फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची ते मला विचारू नका. मी माझ्या आजोबांना विचारलं होतं, तर त्यांनी डोक्यात टपली मारली आणि म्हणाले, तुला गोष्ट हवी की हिशेब? तेव्हा या गावात वीज नव्हती आणि घाटातून मोटारीचा रस्ताही नव्हता. पण कातारी होते. चरकावर लाकूड चढवायचं, त्याला दोरी गुंडाळायची, एकानं ती दोरी ओढायची आणि दुसऱ्यानं फिरत्या लाकडाला पटाशी लावायची. लाकूड गोल होत जायचं. लाटणी, रव्या, पाळणे, पलंगाचे खूर, सगळं इथूनच जायचं. कातकामाची खरी पटाशी गोल असते, ही बघा, पोट पन्हळीसारखं खोलगट. हिला धार लावणं सोपं नाही. सपाट पटाशी कोणीही घासेल, पण ही दगडावर ठेवून मनगटात फिरवावी लागते, एका दमात, धारेच्या या कानापासून त्या कानापर्यंत. मध्ये हात थांबला की तिथं खड्डा पडतो, आणि मग ती पटाशी लाकूड कापत नाही, लाकडाला चावते.

तेव्हा अख्ख्या गावात धारेचं चाक एकच होतं. वाळूच्या दगडाचं, माणसाच्या कमरेएवढं उंच, लाकडी कण्यावर बसवलेलं. आपल्याकडं तो दगड मिळत नाही. घाट चढून, नद्या ओलांडून पलीकडच्या मुलखातून आणायचा, जायला-यायला सगळा उन्हाळा जायचा. चाकाच्या खाली पाण्यानं भरलेली लाकडी डोणी असायची आणि चाकाचा तळ त्या पाण्यात बुडालेला असायचा. एकानं दांडी धरून चाक फिरवायचं, दुसऱ्यानं पटाशी टेकवायची. पाणी नसलं की पोलाद तापतं आणि निळं पडतं, आणि निळं पडलेलं पोलाद मेलेलंच समजा.

त्या चाकावर ठकू बसायची. ठकू कातारीण. नवरा तरुणपणीच गेला, पदरात एक मुलगा, केरू. नवऱ्याच्या जागी ती चाकावर बसली तेव्हा लोक हसले. मग तिच्या हातची पटाशी लाकडाला लागली आणि हसणारे गप्प झाले. ती पटाशीची मूठ कमरेला रोवायची, आधी पटाशीची टाच दगडाला टेकवायची, मग मूठ हळूहळू उचलायची. दगडावरचं पाणी धारेला अडून वरच्या बाजूला चढलं की समजायचं, टोक लागलं. त्या क्षणी ती पटाशी उचलायची. असं म्हणतात की ती डोळे मिटून धार लावायची आणि पाणी चढल्याचं तिला नुसतं ऐकू यायचं.

तोंडाची मात्र फटकळ. कोणी बोथट पटाशी घेऊन आला की म्हणायची, "ह्यानं काय विहीर खणलीस?" तरी लोक यायचे. न येऊन सांगता कुणाला!

त्या दगडाचे दोन नेम होते. ते ध्यानात ठेवा, सगळी गोष्ट त्यांच्यावरच आहे. पहिला नेम सकाळचा. चाक फिरवायच्या आधी त्याला लाकडी मोगरीनं हलकेच टोला द्यायचा आणि ऐकायचं. दगड धड असला की बोलतो, ठण्ण. आत भेग गेली असली की म्हणतो, थद्द. थद्द म्हणालेलं चाक फिरवायचं नाही, कारण ते फुटतं, आणि एवढा दगड वेगात असताना फुटला की समोरचा माणूस राहत नाही. दुसरा नेम संध्याकाळचा. काम संपलं की डोणी उपसून टाकायची. वाळूचा दगड पाणी पितो बघा. रात्रभर पाण्यात उभा राहिला तर खालची बाजू पिऊन पिऊन जड होते आणि मऊ पडते, वरची कोरडीच राहते. त्या ताणानं तो उभ्याउभ्याच आतून तडकतो, आणि सकाळी फिरवला की हिसके खातो.

ठकूनं कधी डोणी उपसायची चुकवली नव्हती. ताप अंगात असताना उपसली, नवऱ्याचा दहावा होता त्या दिवशी उपसली. एकदाच चुकली.

त्या वर्षी भाद्रपदात गडावरच्या किल्लेदाराच्या मनात आलं की आपली सदर नव्यानं बांधावी. खांब हवेत शिसवीचे, कातीव, वरपासून खालपर्यंत मणी आणि कमळं काढलेले. आणि दसऱ्याला सदर उभी राहिली पाहिजे. आता शिसव म्हणजे लाकडातलं लोखंड. चार वेढे कातले की पटाशी बोथट. बाबाजी मेस्त्री म्हणून गावातला जाणता कातारी होता, तो गडावर जाऊन हात जोडून म्हणाला, सरकार, दिवाळीपर्यंत मुदत द्या. किल्लेदार हसला आणि बरं म्हणाला. बाबाजी खूश होऊन गावात परत आला, आणि त्याच्या पाठोपाठ किल्लेदाराची माणसं आली.

दिवे लागायच्या आधीची वेळ होती. त्यांनी घराघरातला एकेक तरणा पोर धरला आणि दोरीला बांधला. "खांब गडावर पोचले की पोरं खाली," म्होरक्या म्हणाला. "दसऱ्याला सदर उभी नसली, तरी पोरं खाली. कड्यावरून."

केरू त्या वेळी चाकाची दांडी फिरवत होता. लग्नाला वर्ष व्हायचं होतं. त्याला दांडीवरूनच उचलला. ठकू हातातली पटाशी घेऊनच त्यांच्या मागं धावली. ओढ्यापर्यंत धावली. ओढ्याला पूर होता, ती माणसं नावेनं पार झाली आणि नाव पलीकडंच ठेवली. केरू पलीकडून ओरडला, "आई, मागं जा! मागं जा आधी!" ती अंधार पडेपर्यंत तिथंच उभी होती. मग सून सुंदरा तिला हाताला धरून घरी घेऊन आली. त्या रात्री गावात चूल पेटली नाही. आणि डोणी भरलेली राहिली.

एवढंच झालं बघा. मी ही गोष्ट सांगतो तेव्हा दर वेळी इथं थांबतो. वाटतं, अरे, कुणीतरी जाऊन तेवढी डोणी पालथी करा रे.

सकाळी सगळे कातारी आपापल्या पटाश्या घेऊन चाकाशी जमले. वेळ कमी होता, रडत बसायला कुणाला सवड नव्हती. ठकू आली. डोणीकडं तिची नजर गेली आणि ती जागच्या जागी थबकली. मग तिनं मोगरी उचलली आणि टोला दिला.

थद्द.

सगळ्यांनी ऐकलं. हे लक्षात ठेवा हं. एकूण एक माणसानं ऐकलं. जन्म चाकाशेजारी गेलेली माणसं ती, पाळण्यात असल्यापासून रोज सकाळी तो आवाज ऐकलेला. ठकूनं चाकाला हात लावून सोडलं, तर भिजलेली जड बाजू आपोआप खाली फिरून थांबली. पुन्हा सोडलं, पुन्हा तीच बाजू खाली.

"मी काल डोणी उपसली नाही," ठकू म्हणाली.

उन्हात ठेवून पाणी तरी सुकलं असतं, पण भेग काही सुकून भरत नाही, आणि ऊन तरी कुठं होतं? आभाळ नुसतं गळत होतं. बाबाजी म्हणाला, "पाणी न घालता चालवून बघ की, ठकूवैनी. हळूहळू फिरवू." डोणी रिकामी करून तिनं एक पटाशी चाकाला धरली. दोन फेऱ्यांत टोक निळं पडलं. ती पटाशी शिसवीला लावली, तर धार कापडासारखी दुमडली. तोही मार्ग संपला.

आणखी एक मार्ग होता. प्रत्येकानं घरी बसून हातातल्या छोट्या दगडावर आपापली पटाशी घासायची. वेळ लागला असता, खांब कदाचित दसऱ्याला झाले नसते. मग सगळ्या गावानं मिळून गडावर जायचं, किल्लेदाराच्या पायऱ्यांवर बसायचं, मुदत मागायची. मिळाली असती की नसती, कोण जाणे. पण निदान सगळे मिळून गेले असते.

ठकूनं मोगरी खाली ठेवली आणि सगळ्यांकडं आळीपाळीनं बघितलं.

"ऐकलंत ना?" ती म्हणाली.

कोणी वाशांकडं बघितलं. कोणी आपल्या पायाच्या अंगठ्याकडं. शेवटी बाबाजी म्हणाला, "आम्हाला त्यातलं काय कळतंय, वैनी? कान तुझा. तू म्हणशील तसं."

काय कळतंय म्हणे! अरे, शेंबड्या पोराला कळतं! बाबाजीला तर दगड आणायच्या वेळी मुद्दाम घाटापलीकडं न्यायचे, दगड वाजवून पारखायला. त्याला कळत नव्हतं? पण त्याचाही मुलगा गडावर होता. प्रत्येकाचा होता. थांब म्हणायचं तर आपल्या पोराला कड्यावर आपण उभा केला असं झालं असतं. चालव म्हणायचं तर ठकूला आपण मारली असं झालं असतं. म्हणून कोणीच काही म्हणालं नाही. एक जण थांब म्हणाला असता, तर ती थांबली असती. असं म्हणतात, आणि मला ते खरं वाटतं.

सुंदरा पुढं झाली आणि तिनं केरूची दांडी धरली. ठकूनं तिच्या हातातून ती काढून घेतली.

"तू घरी जा. चुलीवर दूध ठेवून आलेय मी, उतू जाईल."

"आत्याबाई, चूल कालपासून विझलेली आहे."

"मग जाऊन पेटव."

सुंदरा हलेना, तर ठकूनं तिच्या दंडाला धरून तिला बाहेर काढली. मग बाकीच्यांना काढलं आणि आतून दाराला अडसर घातला. चाकाच्या खोलीला ओट्याच्या बाजूनं एक झरोका होता, हात जाईल एवढा. त्या झरोक्यातून तिनं हात बाहेर काढला आणि म्हणाली, "आणा."

तेव्हापासून गावाला ठकूचा फक्त हात दिसला. बोथट पटाशी झरोक्यातून आत जायची, धारेची बाहेर यायची, मूठ पुढं करून, घेणाऱ्याला लागू नये म्हणून. आत ती एकटी. एका हातानं दांडी फिरवायची, दुसऱ्या हातानं पटाशी धरायची, मूठ कमरेला रोवून. एवढं जड चाक, एका बाजूला ओढणारं, एकटी बाई कशी फिरवत होती, देव जाणे. असं म्हणतात की ती चाकाशी बोलायची. ओट्यावर बसणाऱ्यांना ऐकू यायचं. "माझी चूक आहे, बाई. तुला रात्रभर पाण्यात उभी केली. राग काढायचा तर माझ्यावर काढ, पण खांब होऊ दे. तोवर तग धर."

रोज सकाळी आतून मोगरीचा टोला ऐकू यायचा. नेम तो नेम. ती म्हणायची, "बोल." आणि दगड म्हणायचा, थद्द. दिवसेंदिवस तो आवाज खोल जात होता. सगळं गाव ऐकायचं आणि चरकाच्या दोरीला हात घालायचं. आणि रोज संध्याकाळी आतून डोणी उपसल्याचा आवाज यायचा. सगळं पाणी, शेवटच्या थेंबापर्यंत. तो आवाज आला की सुंदरा ओट्यावरच्या खांबाला डोकं टेकून रडायची. ती झरोक्यातून पन्हळीनं डोणीचं पाणी सोडायची, भाकरी द्यायची, हात ती घ्यायचा. एकदा त्या हातानं तिचं बोट धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही.

आता चमत्कार ऐका. त्या झरोक्यातून आलेल्या पटाश्यांची धार लवकर जाईना. शिसवीत पटाशी लावली की लाकूड साय निघावी तसं निघायचं, लांबच्या लांब, न तुटता. जे कमळ काढायला दिवस लागायचा ते जेवणाच्या आधी व्हायचं. चरक अंधार पडेपर्यंत कुरकुरत राहायचे. झरोक्याखालच्या मोरीतून डोणीचं उपसलेलं पाणी वाहायचं, ते आधी गढूळ होतं, मग तांबडं झालं. कोणी म्हणतं, लोखंडाचा कीस. कोणी म्हणतं, तिचे हात सोलवटले होते. त्या मोरीच्या कडेचं गवत अजून तांबडं उगवतं. जाताना बघा, खोटं सांगत नाही.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी शेवटच्या खांबाचं शेवटचं कमळ राहिलं. बाकी सगळे खांब ओढा ओलांडून गडावर पोचले होते. ते कमळ बाबाजी मेस्त्री काढत होता. अर्ध्यावर आला आणि त्याची पटाशी बोथटली. तो ती घेऊन झरोक्याशी आला आणि आत दिली. आतल्या हातानं ती धरली, पण ओढली नाही.

"बाबाजीभावजी," आतून आवाज आला. इतक्या दिवसांत तिनं कुणाचं नाव घेतलं नव्हतं. "आता तरी सांगा. सकाळी काय ऐकलंत?"

बाबाजीनं मागं वळून बघितलं. ओट्यावर सगळे उभे होते. तो म्हणाला, "वैनी, एवढी एकच पटाशी."

हातानं पटाशी आत घेतली.

चाक फिरायला लागलं. लोक सांगतात, त्या दिवशी दगड किरकिरला नाही की हिसकला नाही. वासराच्या पाठीवरून हात फिरवावा इतकं अलगद फिरत होता. मग पटाशी झरोक्यातून बाहेर आली, मूठ पुढं करून. बाबाजीनं ती घेतली. हात आत गेला. आणि दगड फुटला.

असं म्हणतात की पटाशी बाहेर येईपर्यंत तो तसाच थांबला होता. त्यानं शब्द पाळला. एक भाग छप्पर फोडून जो गेला तो ओढ्याच्या पलीकडं, डोंगराच्या पलीकडं, गडाच्या दरवाज्यात जाऊन उभा रुतला. आजही गडावर जाल तर दरवाज्यात अर्ध्या चाकासारखा एक दगड आहे. त्याला वळसा घालून आत जावं लागतं. किल्लेदारानं तो काढायला हत्ती लावले, निघाला नाही. दुसरा भाग कण्यालाच राहिला. त्याच्यासमोर ठकू होती. दार फोडून आत गेलेल्यांनी जे बघितलं ते त्यांनी पुढं कुणाला सांगितलं नाही, म्हणून मीही सांगणार नाही.

बाबाजीनं त्याच पटाशीनं कमळ पुरं केलं. हो, केलं. पोरं सोडवायची होती ना.

दसऱ्याला पोरं खाली आली. ओढा उतरला होता. आया धावल्या, गळ्यात पडल्या, कुणी सोनं वाटायचं विसरलं, कुणी नुसतंच रडलं. केरू सगळ्यांच्या मधून चालत घरी आला. सुंदरा दारात बसली होती. तिच्याकडं बघूनच त्याला कळलं. तो चाकाच्या खोलीत गेला, बराच वेळ आत होता. मग ओट्यावर आला. सगळं गाव खाली जमलं होतं.

"आईनं चाक वाजवून बघितलं नव्हतं?" त्यानं विचारलं.

"बघितलं होतं," सुंदरा म्हणाली. "रोज."

"मग? काय बोललं?"

सुंदरा घरची होती, तिनं सांगून काय व्हायचं? तिनं गावाकडं बघितलं. केरूनंही गावाकडं बघितलं.

त्या ओट्याखाली इतकी माणसं उभी होती, आणि एकाच्याही तोंडून शब्द फुटला नाही. पुन्हा नाही! अरे, काय म्हणावं या लोकांना! माझेच पूर्वज, पण काय म्हणावं?

केरूनं दुसऱ्या दिवशी बैलगाडी जुंपली, सुंदराला घेतलं आणि घाटानं निघून गेला. गावाला वाटलं, संपलं. पण उन्हाळा सरता सरता तो परत आला आणि गाडीत नवं चाक होतं. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी पैसे दिले नव्हते. त्यानं ते कण्यावर बसवलं. गाव जमलं. त्यानं आईची मोगरी घेतली, म्हणाला, "बोल," आणि टोला दिला.

काहीच नाही.

ठण्ण नाही आणि थद्दही नाही. गादीवर टोला मारावा तसं. दगड धड होता, केरूनं तिकडं दहादा वाजवून घेतला होता. पुन्हा मारला, जोरात मारला. आवाजच नाही. तसंच फिरवलं, तर पाण्यात बुडालेल्या दगडावरही पटाशी निळी पडायला लागली. पाणी उकळायचं आणि पोलाद जळायचं. गावातली एकेक पटाशी निळी झाली. चरक थांबले. पाळणे नाहीत, लाटणी नाहीत, धान्य नाही. लोकांनी नवस केले, कोंबडी दिली. दगड मुका तो मुका.

असं किती दिवस चाललं ते सांगता येत नाही. पण एका सकाळी बाबाजी मेस्त्री काठी टेकत आला. एका पावसात तो म्हातारा झाला होता. त्यानं दगडावर तळहात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "ठकूवैनी, मी ऐकलं होतं. थद्द म्हणालं होतं. मला कळलं होतं."

मग त्याच्या मागचा पुढं आला. "मी ऐकलं होतं." मग त्याच्या मागचा. बाया आल्या, गडावरून सुटून आलेल्या पोरांच्या आया आल्या. "मी ऐकलं होतं, ठकू. मी ऐकलं आणि दोरी ओढली." कुणी रडत म्हणालं, कुणी खाली बघून म्हणालं, पण प्रत्येकानं तोंडानं म्हटलं. शेवटचा माणूस झाला तेव्हा केरूनं मोगरी उचलली.

"बोल गं आई," तो म्हणाला.

ठण्ण!

असं म्हणतात की तो नाद दिवस मावळेपर्यंत थांबला नाही. रानातले पक्षी उडाले, गडावर किल्लेदाराच्या नव्या सदरेचे खांब थरथरले आणि एकूण एक कमळ चिरलं. बाबाजीच्या कानात मात्र दुसरंच राहिलं. तो मरेपर्यंत त्याला थद्द एवढंच ऐकू यायचं. कुणी हाक मारली तरी थद्द. नातवंड रडलं तरी थद्द.

केरूनं गावाला माफ केलं का? ते गोष्टीत नाही. तो जन्मभर गावाच्या पटाश्यांना धार लावत राहिला. पण आत बसून, दाराला अडसर घालून. पटाशी द्यायचा ती झरोक्यातून, मूठ पुढं करून. गावानं पुन्हा कधी त्याचं तोंड नीट बघितलं नाही.

तर आता तुम्ही विचाराल, या विजेच्या चाकाला ते कशाला? हे चाक माझ्या तळहाताएवढं, डोणी नाही, हत्यार बुचकळायला नुसता डबा. पण डबा रोज संध्याकाळी आम्ही पालथा घालतो. शिवणोलीत कुठल्याही कारखान्यात जा, संध्याकाळी डबा पालथा दिसेल. खंडेनवमीला इतर गावांत हत्यारांना फुलं वाहतात. आमच्याकडं त्या दिवशी चाकाला फूल नाही. सगळं गाव एकेक करून येतं, चाकावर हात ठेवतं आणि म्हणतं, ऐकलं होतं. परदेशी नोकरीला गेलेली पोरंही येतात. न आलेल्यांचं त्यांच्या आया म्हणतात.

आणि रोज सकाळी हे. चाक काढायचं, बोटावर धरायचं, लाकडी मोगरीनं वाजवायचं. त्या वेळी कारखान्यात जो जो असेल त्यानं हातातलं काम थांबवायचं. गिऱ्हाईक असो, पोस्टमन असो. आणि प्रत्येकानं काय ऐकलं ते मोठ्यानं सांगायचं. सगळ्यात लहान असेल त्यानं आधी, म्हणजे मोठ्यांचं बघून बोलायला नको. एकानं जरी थद्द म्हटलं, तर चाक त्या दिवशी फिरत नाही. मागं माझ्या नातीनं गंमत म्हणून म्हटलं होतं. चाक चांगलं होतं, मला ऐकू आलं होतं ना! लग्नाच्या पलंगाचं काम अडलं होतं, मांडव पडला होता. तरी चाक बंद ठेवलं. तिला कोणी ओरडलंसुद्धा नाही.

चला, झालं. उठा सगळे, जरा जवळ या. इथं लहान कोण? तूच ना गं, पिवळा फ्रॉक. ये पुढं. हे बघ, चाक बोटावर धरलंय. ही मोगरी. आता आईकडं बघायचं नाही, माझ्याकडंही नाही.

ठकू, बोल.

हं. सांग आता, मोठ्यानं. काय ऐकलंस?